सागाची गोलाई आणि जवानाची छाती

आलापल्लीच्या अरण्यात साग तोडावयाचा की राखावयाचा हे ठरविण्यापूर्वी त्याच्या बुंध्याभोवती फीत गुंडाळतात. ही फीत माणसाच्या छातीइतक्या उंचीवर धरावयाची असा वनखात्याचा जुना दंडक आहे. गोलाई भरली तर झाडावर छाप पडतो. न भरली तर झाड आणखी काही वर्षे उभे राहते. ह्या पद्धतीत एक शहाणपण आहे. गोलाई भरली नाही म्हणून कोणताही वनाधिकारी झाडाला दोष देत नाही. जमीन कशी आहे, पाणी किती आहे, वणवा कितीदा लागला, शेजारच्या झाडांनी ऊन अडविले काय, ह्याचा तो विचार करतो. आलापल्लीजवळच्या 'वनवैभव' नावाच्या सहा हेक्टरांच्या तुकड्याला २०१४ साली महाराष्ट्रातील पहिले जैवविविधता वारसास्थळ म्हणून मान मिळाला आणि तेथील वृक्षांना कोणी हात लावीत नाही. ह्याच भागातील सागवान २०२३ साली अयोध्येच्या मंदिरासाठी मोठ्या समारंभाने रवाना झाले. सागाचे असे कौतुक होते, आणि ते योग्यच आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की, त्याच सागाच्या सावलीत वाढलेल्या मुलाच्या छातीभोवती जेव्हा फीत गुंडाळली जाते, तेव्हा झाडाविषयी दाखविलेले शहाणपण आपण एकाएकी कोठे गमावून बसतो?

आलापल्लीच्या चौकातून अहेरी, एटापल्ली, भामरागड आणि सिरोंचा ह्या दिशांना रस्ते फुटतात. हिवाळ्यात पहाटे ह्या रस्त्यांवर धावणारी पोरे दिसतात. कोणाच्या पायात बूट असतात, कोणाच्या नसतात. ह्या मुलांना सैन्यात, केंद्रीय राखीव दलात किंवा निदान जिल्ह्याच्या पोलिसात जावयाचे असते. ती धावतात उत्तम. मैदानावर जेव्हा त्यांचा निकाल लागतो, तेव्हा पुष्कळदा तो पायांवर लागत नाही. मोजपट्टीवर आणि वजनाच्या काट्यावर लागतो. धावण्यात पुढे आलेला मुलगा एका सेंटिमीटरासाठी किंवा दोन किलोंसाठी बाजूला उभा केला जातो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत येताना त्याला वाटते की उणीव आपल्यातच होती. ही त्याची समजूत खोटी आहे, हे दाखविण्यासाठी हा लेख लिहिला आहे.

ह्या विषयावर आमच्या सुशिक्षित समाजात तीन मते प्रचलित आहेत. पहिले मत असे की, नियम तो नियम. सैन्य म्हणजे अन्नछत्र नव्हे. दुसरे असे की, गोंड-माडिया ही माणसे मुळातच लहान चणीची. त्याला सरकार तरी काय करणार? तिसरे मत दयाळू लोकांचे आहे: त्यांना थोडी सवलत द्यावी म्हणजे झाले. ही तिन्ही मते वरवर परस्परविरुद्ध दिसली तरी त्यांचा पाया एकच आहे. काट्यावरचा आकडा हा निसर्गाचा निवाडा आहे, असे तिघेही गृहीत धरतात. तो तसा नाही.

प्रथम नियमांकडेच पाहू. भूदलाच्या सामान्य शिपायासाठी वर्षानुवर्षे चालत आलेल्या कोष्टकात उंची प्रदेशागणिक बदलते. पश्चिमेच्या मैदानी मुलखासाठी १७० सेंटिमीटर, पूर्वेच्या मैदानासाठी १६९, महाराष्ट्र ज्यात येतो त्या मध्य विभागासाठी १६८, दक्षिणेसाठी १६६, गुरख्यांसाठी १५७. आता अहेरीच्या पश्चिमेस वाहणारी प्राणहिता नदी डोळ्यांपुढे आणावी. नदीच्या अलीकडे महाराष्ट्र, पलीकडे तेलंगण. आदिवासी म्हणून मिळणारी सवलत बाजूस ठेवली तर अलीकडच्या काठावर शिपाई होण्यासाठी १६८ लागतात आणि पलीकडच्या काठावर १६६! नावेतून नदी ओलांडली की माणूस दोन सेंटिमीटरांनी शूर होतो असे ज्याला वाटत असेल त्याने वाटून घ्यावे. पुढे पाहा. सैनिकाच्या मुलाला उंचीत दोन सेंटिमीटर, छातीत एक सेंटिमीटर आणि वजनात दोन किलोंची सूट मिळत आली आहे. ह्या सुटीबद्दल आमची तक्रार नाही. बापाने देशासाठी आयुष्य घातले, त्याचा तो मान आहे. परंतु ज्या दोन किलोंवाचून लढता येत नाही असे आलापल्लीच्या मुलाला बजावले जाते, त्याच दोन किलोंवाचून दुसऱ्या एका मुलाला लढता येते, हे नियमच कबूल करतो. मग तो आकडा शरीरशास्त्राचा न राहता धोरणाचा झाला; आणि धोरणाविषयी प्रश्न विचारणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे.

सवलतींचे नाव काढताच नाक मुरडणाऱ्या मराठी वाचकांसाठी आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. केंद्रीय राखीव पोलीस दलासारख्या दलांच्या भरतीत पुरुष शिपायाची सर्वसाधारण उंची १७० सेंटिमीटर आहे. अनुसूचित जमातींना ती १६२.५ व नक्षलग्रस्त जिल्ह्यांतील अनुसूचित जमातींना १६० आहे. 'पाहा, किती ही खिरापत!' असे म्हणण्यापूर्वी त्याच कोष्टकाची वरची ओळ वाचावी. तेथे गढवाली, कुमाऊनी व डोग्रा ह्यांच्या शेजारी 'मराठा' हा शब्द आहे, आणि त्याच्यापुढे १६५ हा आकडा आहे. म्हणजे आम्ही स्वतः पाच सेंटिमीटरांची सूट पिढ्यान्‌पिढ्या घेत आलो आहोत. तिला आम्ही सवलत म्हणत नाही, परंपरा म्हणतो. मूर्ती लहान पण कीर्ती महान ही म्हण आम्ही स्वतःसाठी राखून ठेवली आहे. अरण्यातल्या माणसाला मात्र ती लागू करावयास आमची जीभ रेटत नाही.

आकडा गरजेप्रमाणे कसा वाकतो ह्याचे उदाहरण परदेशातही आहे. १९१४ साली महायुद्ध सुरू झाले तेव्हा इंग्लंडात तरुणांची इतकी झुंबड उडाली की सप्टेंबरात किमान उंची ५ फूट ३ इंचांवरून ५ फूट ६ इंच करण्यात आली. रांगा ओसरताच नोव्हेंबरपर्यंत ती पुन्हा ५ फूट ३ इंचांवर आली. त्याहूनही ठेंगण्या माणसांच्या वेगळ्या पलटणी उभारण्यास त्याच वर्षी बर्कनहेड गावी आरंभ झाला. दोन महिन्यांत इंग्रजाच्या शौर्याला भरती-ओहोटी आली नव्हती. उमेदवारांची संख्या तेवढी बदलली होती. किमान माप पुष्कळदा केवळ गर्दी आवरण्याचे फाटक असते. फाटक असण्यास हरकत नाही. परंतु फाटकाला तत्त्वज्ञान समजू नये.

आमच्याकडे तर हे फाटक ह्याहूनही वाईट कामासाठी वापरले गेले. १८९० च्या सुमारास इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी 'लढवय्या जाती' नावाची कल्पना उचलून धरली, आणि १८९२ साली ज्या महारांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबई इलाख्याच्या फौजेत चाकरी केली होती, त्यांची भरतीच बंद केली. त्यांची छाती एका रात्रीत आखडली नव्हती. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडताच १९१७ मध्ये त्यांची पलटण उभी राहिली, गरज सरताच १९२१ मध्ये मोडली, आणि १९४१ मध्ये पुन्हा महार रेजिमेंट उभी राहिली. 'ही जात मुळातच अशी' ह्या वाक्याचा इतिहास हा असा आहे. आज गोंड-माडियांविषयी तेच वाक्य ऐकू आले की आम्हास त्यात शास्त्र ऐकू येत नाही, जुना आळस ऐकू येतो. शिवाय ह्याच अहेरीच्या मुलखातील मोलमपल्लीचा बाबूराव शेडमाके १८५८ साली इंग्रजांविरुद्ध उठला आणि त्याच वर्षी चांद्याला फासावर गेला, हे त्या सेनाधिकाऱ्यांना ठाऊक असावयास हवे होते.

आता वजनाच्या शास्त्राकडे वळू. वजनाला उंचीच्या वर्गाने भागण्याची युक्ती बेल्जममधील केतले नावाच्या गणितज्ञाने १८३० ते ४० च्या दशकात काढली. हा गृहस्थ वैद्य नव्हता. ज्योतिषाचा व संख्याशास्त्राचा अभ्यासक होता. ५,७३८ स्कॉटिश शिपायांच्या छातींची मापे घेऊन त्याने सरासरी काढली आणि ती सरासरी म्हणजेच आदर्श माणूस असे मानले. त्याच्या त्या भागाकाराला आजचे 'बॉडी मास इंडेक्स' हे नाव मिळाले ते १९७२ साली. समूहाचे स्थूल ज्ञान होण्यास हे गणित उपयोगी आहे. एका माणसाची लायकी ठरविण्यास ते किती अपुरे आहे हे सैन्यातल्याच एका वैद्याने दाखवून दिले. १९४२ साली अमेरिकन नौदलाच्या बेन्के ह्या डॉक्टराने आपल्या सहकाऱ्यासह पंचवीस धंदेवाईक फुटबॉलपटूंची तपासणी केली. त्यांतील सतरा जण प्रचलित कोष्टकाप्रमाणे अतिवजनामुळे लष्करी सेवेस नालायक ठरत होते! पाण्यात बुडवून त्यांच्या शरीराची घनता काढली तेव्हा त्यांतील बहुतेकांचे वजन चरबीचे नसून स्नायूंचे निघाले.

ह्याची उलट बाजूही आहे, आणि ती आपल्या पुण्यात सिद्ध झाली. डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी आपले इंग्रज सहकारी डॉ. युडकिन ह्यांच्यासह २००४ साली स्वतःच्याच शरीरांची मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही हा निर्देशांक अगदी एक, २२.३. पण चरबी? युडकिनसाहेबांच्या अंगात ९.१ टक्के, आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! काट्याला दोघे जुळे भाऊ. आतून मात्र दोन निराळी शरीरे. त्याच्या एक वर्ष आधी याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतील नवजात बालकांची मापे प्रसिद्ध केली होती. त्यांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, इंग्लंडातील बालकांचे ३.५ किलो, आणि तरीही आपल्या किडकिडीत बाळांच्या कातडीखाली चरबीचा वाटा त्या मानाने अधिक. ह्याचा अर्थ असा की, शहरातील आखाड्याबाहेरचा जाडसर मुलगा आणि अरण्यातील काटकुळा मुलगा ह्या दोघांचाही निवाडा एकट्या काट्याने केला तर दोघांवरही अन्याय होण्याचा संभव आहे. एकात वजन आहे पण ताकद नाही, दुसऱ्यात ताकद आहे पण वजन नाही. काटा मात्र दोघांनाही एकच प्रश्न विचारतो.

येथे विरोधक जे म्हणतील तेही प्रामाणिकपणे मांडले पाहिजे. ते म्हणतील, सैनिकाला पाठीवर मोठे ओझे घेऊन डोंगर चढावे लागतात. फार हलक्या शरीराची हाडे अशा श्रमाने तडकतात, फार जड शरीर उन्हात कोसळते. सैन्य एकेकाची सखोल तपासणी करीत बसू शकत नाही. ह्यातील प्रत्येक विधान खरे आहे आणि आम्हास मान्य आहे. शरीराची अट काढून टाकावी असे आमचे म्हणणे नाही. परंतु ओझे हेच जर कारण असेल, तर मुलाच्या पाठीवर ओझे द्या आणि त्याला चढावर पाठवा. तो चढला तर काट्याला विचारण्याचे कारण उरले नाही. तो कोसळला तर त्याचे वजन कोष्टकात बसते म्हणून त्याला घेण्याचेही कारण उरले नाही. हा विचार अव्यवहार्य नाही. आपल्या राज्याच्या पोलीस भरतीत १६०० मीटर धावणे, १०० मीटर धावणे आणि ७.२६० किलोचा गोळा फेकणे ह्यांना मिळून ५० गुण आहेत. म्हणजे कर्तबगारी मोजता येते हे सरकारला ठाऊक आहे. अमेरिकन भूदलाने तर २०२३ साली असा हुकूम काढला की, जो शिपाई शारीरिक क्षमतेच्या परीक्षेत ६०० पैकी ५४० गुण मिळवील आणि प्रत्येक प्रकारात किमान ८० मिळवील, त्याच्या चरबीची मोजणी करावयाची नाही. जे सैन्य मोजपट्टीचे परमभक्त म्हणून प्रसिद्ध होते, त्यानेच मोजपट्टीला कर्तबगारीच्या खालचे आसन दिले.

आणि दूर तरी कशाला जावयाचे? गडचिरोली पोलिसांचे 'सी-६०' हे पथक १९९० साली उभे राहिले. जिल्ह्यातील स्थानिक तरुण हाच त्याचा कणा. सरकारला अशा पथकाची गरज का भासली? मैदानी मुलखातून आणलेली धिप्पाड माणसे ह्या अरण्यात पुरी पडेनात म्हणून. नाल्याला पूर कधी येतो, पायवाट कोठे लपते, माडिया बोलीत म्हातारीशी कसे बोलावे, दोन दिवस अल्प शिधोरीवर कसे चालावे, हे ज्यांना ठाऊक त्यांचाच येथे उपयोग झाला. ह्यातला कोणता गुण मोजपट्टीने सापडतो? शेजारच्या बस्तरातील तरुणांची केंद्रीय राखीव दलात भरती करताना सरकारने २०२२ साली विजापूर, दंतेवाडा व सुकमा ह्या जिल्ह्यांतील ४०० आदिवासी शिपायांसाठी शिक्षणाची अट दहावीवरून आठवीवर आणली, आणि कमी पडणारे शिक्षण दलात घेतल्यावर पुरे करून देण्याचे ठरविले. हे अखेरचे कलम आम्हास सर्वांत महत्त्वाचे वाटते. अट खाली आणून तेथेच थांबणे ही दया झाली. अट ओलांडण्याचे बळ सरकारी खर्चाने देणे हा न्याय झाला.

येथे आम्ही मूळ दुखण्यापाशी येतो. आमचा खरा वाद दोन किलोंच्या सुटीविषयी नाही. ते दोन किलो गेले कोठे, हा आमचा प्रश्न आहे. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? आईच्या पोटात असताना जे मूल अर्धपोटी राहिले, जन्मतः ज्याचे वजन कमी भरले, ज्याच्या अंगातले रक्त दर पावसाळ्यात हिवतापाने नासले, ज्याच्या गावची वाट पर्लकोटेला पूर आला की आठ-आठ दिवस बंद होते, ते अठराव्या वर्षी मैदानावर येऊन उभे राहते. आणि तेव्हा सरकार त्याला प्रथमच गंभीरपणे तोलते आणि म्हणते, 'तू कमी आहेस.' अठरा वर्षे हे सरकार काय करीत होते? अंगणवाडीची योजना १९७५ पासून आहे; शाळेतील आहाराची १९९५ पासून; आदिवासी भागातील गरोदर व स्तनदा मातांना दिवसातून एक वेळ चौरस जेवण देणारी अमृत आहार योजना २०१५ पासून. योजना वाईट नाहीत. पण अंगणवाडीच्या वहीतील वजन आणि भरतीच्या मैदानावरील वजन ह्यांची गाठ कधीच कोणी घालीत नाही. एक कागद एका खात्याच्या कपाटात, दुसरा दुसऱ्या खात्याच्या. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असा हा कारभार आहे.

ज्या राष्ट्रांनी हे कागद एकत्र वाचले त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. बोअर युद्धात भरतीसाठी आलेल्या गरीब इंग्रज तरुणांची शरीरे पाहून लंडनच्या सरकारला धक्का बसला. 'ही माणसे मुळातच अशी' असे म्हणून ते थांबले नाही; चौकशी समिती नेमली गेली, तिचा अहवाल १९०४ साली आला, आणि १९०६ साली शाळेतील गरीब मुलांना जेवण देण्याचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धात असंख्य तरुण कुपोषणाच्या परिणामांमुळे सैन्यास अपात्र ठरल्यावर अमेरिकेने १९४६ साली शालेय भोजनाचा कायदा केला, आणि त्याच्या हेतूतच राष्ट्राच्या संरक्षणाचा उल्लेख घातला. हॉलंडची गोष्ट तर ह्याहून बोधप्रद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथील सैन्यभरतीचे तरुण सरासरीने १६५ सेंटिमीटरांच्या आसपास होते, म्हणजे आजच्या आपल्या मैदानावरून कित्येक जण परत गेले असते. आज तो देश जगातील सर्वांत उंच लोकांचा म्हणून ओळखला जातो. रक्त बदलले नाही. दूध, पाणी, घरे आणि मातांचे आरोग्य बदलले. 'मुळातच लहान चणीचे' ह्या मताला ह्यापेक्षा निराळे उत्तर देण्याचे कारण नाही.

ह्यावरून आमच्या मागण्या निघतात, आणि त्या तीनच आहेत. पहिली: किमान वजनाच्या व छातीच्या अटीत थोडक्याने हुकलेल्या, पण धावण्यात व ओझे वाहण्यात उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराला परत न धाडता सरकारी खर्चाने तीन महिने जेवू घालून, औषधपाणी करून पुन्हा तोलावे. अमेरिकन भूदलाने २०२२ पासून चरबी अधिक असलेल्या उमेदवारांसाठी नव्वद दिवसांपर्यंतचे असे पूर्वशिक्षण सुरू केले आहे. तेथे सरकार आपल्या पैशाने मुलांची चरबी उतरविते. येथे सरकारने आपल्या पैशाने मुलांच्या अंगावर मांस चढवावे, ह्यात अशक्य ते काय? आलापल्लीत त्यासाठी जागेला तोटा नाही. दुसरी: भरतीच्या मैदानावर वजन, उंची किंवा छाती ह्यांमुळे जितके उमेदवार परत गेले त्यांची तालुकावार संख्या, नावे न देता, आरोग्य व महिला-बालविकास खात्यांकडे दरसाल जावी आणि ती प्रसिद्ध व्हावी. ती संख्या त्या खात्यांची परीक्षा समजावी. तिसरी: मोजमापाच्या चिठ्ठीवर नुसते 'अपात्र' न लिहिता काय उणे, किती उणे आणि ते भरून येण्यासाठी कोठे जावे, हे मुलाला समजेल अशा भाषेत लिहून द्यावे. आज ही माहिती न मिळाल्यामुळे मुले तोलापूर्वी पोटभर केळी आणि पाणी घेतात, कोणी उपाशी राहून वजन उतरवितो, आणि कोणी भलत्याच सुया टोचून घेतो. ही फसवणूक मुलांनी शोधून काढलेली नाही. जेथे आकडाच देव होतो, तेथे नैवेद्यही आकड्यालाच दाखविला जातो.

कोणी विचारील की, एवढी कळकळ सैन्यात जाणाऱ्या मूठभर मुलांसाठीच का? उत्तर सोपे आहे. बाकीच्यांना कोणी तोलतच नाही. जी मुले मैदानावर येतात ती गावातली सर्वांत धट्टीकट्टी, सर्वांत उमेदीची. त्यांच्यात जर दोन किलो कमी पडत असतील, तर जी घरी राहिली त्यांच्यात किती कमी पडत असतील? आणि त्यांच्या बहिणींच्यात, ज्या उद्याच्या माता आहेत? म्हणून भरतीच्या मैदानावरचा काटा हा त्या मुलाचे वजन दाखवितो असे आम्ही मानीत नाही. तो आमच्या राज्यकारभाराचे वजन दाखवितो, आणि त्यात तूट भरली आहे.

सागाची गोलाई भरण्यास साठ-सत्तर पावसाळे लागतात. वनखाते तितके थांबते, राखण करते, वणवे विझविते. माणसाच्या मुलाला अठराच पावसाळे लागतात. तेवढे अठरा पावसाळे त्याची राखण करावी, आणि मग खुशाल त्याच्या छातीभोवती फीत गुंडाळावी. त्यानंतरही ती उणी पडली, तर आम्ही आमचे शब्द मागे घेऊ.